दातांचे डॉक्टर रफीउद्दीन अहमद

तुमची दाढ कधी दुखली आहे का? रात्री सगळे घर गाढ झोपलेले असते आणि तुमची दाढ मात्र ठणकत असते. अम्मी उठते, लवंगेच्या तेलात कापसाचा बोळा बुडवते आणि तो दाढेवर ठेवते. थोडा वेळ बरे वाटते, पुन्हा ठणका सुरू होतो. सकाळी अब्बा तुम्हाला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरवतात. आणि काय नवल! रात्रभर न थांबलेली दाढ दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच दुखायची थांबते. आता अगदी बरे वाटते, घरी परत जाऊ या, असे तुम्ही शपथेवर सांगू लागता.

लाजू नका. असे फक्त तुमचेच होत नाही. मोठमोठी माणसेसुद्धा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसताना हातांच्या मुठी आवळून बसतात. ती मागे झुकणारी खुर्ची, डोळ्यांवर येणारा प्रखर दिवा, औषधांचा वास आणि त्या यंत्राचा किर्र आवाज! आपले तोंड उघडे, बोलता येत नाही, आणि समोरचा माणूस आत काय करतो आहे हे दिसत नाही. भीती वाटणारच.

ही भीती घालवायची कशी, याचा विचार जगात बऱ्याच लोकांनी केला आहे. लहान मुलांच्या दातांसाठी मुद्दाम बांधलेल्या एका मोठ्या दवाखान्यात शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशातील एक तरुण काम करत होता. तो पुढे भारतात परतला आणि त्याने देशातले पहिले दंत महाविद्यालय उभे केले. त्यांचे नाव डॉ. रफीउद्दीन अहमद. दंतवैद्यक म्हणजे दातांचे वैद्यकशास्त्र. भारतातील आधुनिक दंतवैद्यकाचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. या पाठात आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

रफीउद्दीन यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी ढाका जिल्ह्यातील बर्धनपारा या गावी झाला. तेव्हा ढाका हे शहर हिंदुस्थानातच होते. आज ते बांगलादेशाची राजधानी आहे. रफीउद्दीन यांचे सुरुवातीचे शिक्षण ढाक्याच्या मदरशात झाले. पुढे ते अलीगढला गेले. सर सय्यद अहमद खान यांनी तेथे स्थापन केलेल्या महाविद्यालयाचे नाव तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचलेच असेल. रफीउद्दीन १९०८ साली तेथून पदवीधर झाले.

त्या काळी अलीगढचा पदवीधर म्हणजे मोठी गोष्ट होती. सरकारी नोकरी मिळाली असती, वकिली करता आली असती. पण १९०९ साली हा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण जहाजात बसून अमेरिकेला गेला आणि तेथे दातांचे शास्त्र शिकू लागला! हे ऐकून त्या वेळी किती जणांनी कपाळाला हात लावला असेल, याची कल्पना करा. दात काढणे हे काय शिकायचे काम आहे, असेच तेव्हा बहुतेकांना वाटे.

तसे वाटण्याला कारणही होते. त्या काळी आपल्याकडे दातांचा इलाज कसा होत असे, ते ऐका. बाजाराच्या कडेला, जत्रेत किंवा मशिदी-मंदिरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादा माणूस चादर पसरून बसलेला असे. चादरीवर काढलेल्या दातांचा ढीग असे. जेवढा ढीग मोठा, तेवढा तो माणूस हुशार, अशी लोकांची समजूत. बाजूला एक-दोन चिमटे, रंगीत पाण्याच्या बाटल्या आणि दंतमंजनाच्या पुड्या. दाढ दुखणारा माणूस समोर उकिडवा बसे. कोणीतरी मागून त्याचे डोके घट्ट धरी. भूल नाही, हात धुणे नाही, चिमटा उकळणे नाही. दात निघाला तर नशीब. कधी अर्धा तुटे, कधी शेजारचा चांगला दातच निघे, कधी जखम चिघळून जबडा सुजे आणि जीवही धोक्यात येई. मोठ्या शहरांत परदेशातून शिकून आलेले थोडे दंतवैद्य होते, पण त्यांची फी गरिबाला परवडणारी नव्हती. आणि दातांचे शास्त्र शिकवणारे एकही महाविद्यालय साऱ्या हिंदुस्थानात नव्हते.

आता सांगा, मुलांना दातांच्या इलाजाची भीती वाटे, यात मुलांचा काय दोष? रस्त्यावरचा तो देखावा एकदा पाहिलेले मूल जन्मभर दात दाबून बसणार नाही तर काय करील?

अमेरिकेत आयोवा नावाचे एक राज्य आहे. तेथे मक्याची मोठमोठी शेते आहेत आणि हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतो. तेथील विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात रफीउद्दीन यांनी प्रवेश घेतला आणि १९१५ साली दंतवैद्यकाची डॉक्टर ही पदवी मिळवली. घर सोडून तोपर्यंत सहा वर्षे झाली होती. यानंतर ते थेट परत आले नाहीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोस्टन हे जुने शहर आहे. तेथील फॉर्सिथ दंत चिकित्सालयात ते काम करू लागले. हे चिकित्सालय फक्त मुलांसाठी होते.

या चिकित्सालयाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. बोस्टनमध्ये फॉर्सिथ नावाचे श्रीमंत भाऊ होते. रबराच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला होता. त्यांपैकी दोघे भाऊ वारले, तेव्हा उरलेल्या दोघांनी त्यांच्या आठवणीसाठी शहरातील गरीब मुलांकरता दातांचा मोठा दवाखाना बांधायचे ठरवले. १९१४ साली तो सुरू झाला. आठवणीसाठी कोणी पुतळा उभारतो, कोणी कमान बांधतो. या भावांनी मुलांचे दात निवडले! मला तरी हे पुतळ्यापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते.

इमारत एखाद्या संग्रहालयासारखी देखणी होती. मुलांच्या बसायच्या खोलीत भिंतींवर गोष्टींची चित्रे असलेल्या रंगीत फरशा बसवल्या होत्या आणि पाण्याच्या हौदात मासे पोहत असत. यामागचा विचार नीट लक्षात घ्या. मुलाची भीती खुर्चीत बसल्यावर सुरू होत नाही. ती बाहेर वाट पाहताना सुरू होते. आतून कोणाच्या रडण्याचा आवाज येतो, डोक्यात नाना विचार येतात, पोटात गोळा येतो. त्या वेळी डोळ्यांसमोर मासे असतील आणि भिंतीवर ओळखीची गोष्ट असेल, तर मन तिकडे वळते. मूल खुर्चीपर्यंत पोहोचते ते थोडे शांत होऊन.

आत एका प्रशस्त दालनात खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि भरपूर उजेड होता. एकाच वेळी कितीतरी मुलांचे दात तपासले जात. शेजारच्या खुर्चीतला आपल्याच वयाचा मुलगा निवांत बसलेला दिसला, की आपलाही धीर वाढतो. हे तुम्हाला शाळेत लस टोचताना आले असेलच. पहिला मुलगा न रडता परत आला, की पुढची सारी रांग सरळ होते. पहिला रडला, की मग काही खरे नाही!

मुलांच्या दातांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुमच्या मनात आले असेल. दुधाचे दात तर पडणारच असतात. पडला दात की छपरावर फेकायचा, काम संपले! पण गोष्ट इतकी सोपी नाही. माणसाला दुधाचे वीस दात असतात. ते नुसते चावण्यासाठी नसतात. खाली वाढणाऱ्या कायमच्या दातासाठी ते जागा राखून ठेवतात. गाडीत आपला रुमाल ठेवून जागा धरतात ना, तसेच. दुधाची दाढ किडून वेळेआधीच काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. मग मागून येणारा कायमचा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी पुष्कळ आईवडिलांनाही माहीत नसते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या आधी तेथला कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून ती दुधाचीच आहे असे सर्वांना वाटते. पण ती कायमची दाढ असते. मूल तेव्हा पहिलीत असते, गोळ्या-चॉकलेटे खात असते, दात घासायचा कंटाळा करत असते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच हळूहळू झिजवते. कायमची दाढ अशी सातव्या-आठव्या वर्षीच किडू लागते. पुढची साठ वर्षे जिच्यावर भिस्त ठेवायची, ती दाढ पाटी-पेन्सिलच्या वयातच हातची जाते.

म्हणून मुलांच्या दातांकडे लहानपणीच पाहावे लागते. पण पाहणार कसे? मूल तोंडच उघडत नाही! मोठ्या माणसावर इलाज करणे आणि मुलावर इलाज करणे यांत हाच फरक आहे. मोठा माणूस भीती वाटली तरी नाइलाजाने बसून राहतो. मूल ओठ मिटून घेते, डॉक्टरांचा हात ढकलते, प्रसंगी बोटाला चावतेसुद्धा. त्याला जबरदस्तीने धरून एक दात काढता येईल. पण मग ते मूल पुन्हा कधी त्या दाराशी येणार नाही. आज एक दात सुटेल, उद्या दहा किडतील.

त्या काळी हे काम आजच्यापेक्षाही अवघड होते. दात कोरायचे यंत्र तेव्हा फार हळू फिरे. ते घरघर करत दातावर थरथरे आणि एक दात साफ करायला बराच वेळ लागे. आजची वेगाने फिरणारी यंत्रे १९५० नंतर आली. दाताजवळची जागा बधिर करणारी सुई होती, पण सुईचीही मुलांना भीती वाटेच. अशा साधनांनी, रोज नव्या मुलासमोर बसून काम करायचे, तर डॉक्टरांचा हात हलका हवा आणि धीर मोठा हवा. रफीउद्दीन अहमद १९१८ सालापर्यंत या मुलांच्या चिकित्सालयात काम करत होते. ही पहिल्या महायुद्धाची वर्षे होती. जगभर तोफा धडाडत होत्या आणि बोस्टनमध्ये ढाक्याकडचा हा तरुण डॉक्टर मुलांच्या दाढा वाचवत होता.

१९१९ साली ते हिंदुस्थानात परतले. कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्यांना हवे असते तर श्रीमंत लोकांचे दात नीट करून ते सुखाने राहिले असते. परदेशी पदवी होती, मोठ्या चिकित्सालयातील अनुभव होता, शहरात पैसेवाल्यांची कमी नव्हती. पण एका डॉक्टरचे दोन हात किती जणांना पुरणार? बाजारात चादर पसरून बसलेल्या चिमटेवाल्यांची जागा घ्यायची, तर शिकलेले शेकडो हात हवे होते. ते हात तयार करणारी शाळा देशात नव्हती. ती शाळा त्यांनी स्वतःच काढली. १९२० साली कलकत्त्यात सुरू झालेले हे भारतातील पहिले दंत महाविद्यालय होय.

आता पैशांची गोष्ट. महाविद्यालय चालवायला जागा लागते, खुर्च्या लागतात, औषधे आणि हत्यारे लागतात. तेव्हा डॉ. अहमद यांनी काय केले असेल? त्यांनी एक दुकान काढले! त्याचे नाव होते न्यूयॉर्क सोडा फाउंटन. अमेरिकेत तेव्हा सोडा फाउंटनची दुकाने फार लोकप्रिय होती. तेथे थंडगार सोड्यात गोड सरबत घालून देत. तसे दुकान कलकत्त्यात काढून त्याच्या उत्पन्नावर त्यांनी दंत महाविद्यालय चालवले.

हसू आले ना? येणारच. गोड सरबत दातांना वाईट, हे दातांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार! पण कलकत्त्याच्या उकाड्यात लोक जे सरबत पीत, त्याच्या पैशांतून दातांचे डॉक्टर तयार होत होते. दुसऱ्या कोणी थैली पुढे केली नाही, तेव्हा त्यांनी हा मार्ग काढला. सरकारी मदत मिळेपर्यंत थांबू, असे म्हणून ते बसून राहिले नाहीत, हे मला विशेष वाटते.

सुरुवातीला अभ्यासक्रम लहान होता. विद्यार्थीही थोडे होते. दंतवैद्य होऊन पोट भरेल का, अशी शंका लोकांना येई. हळूहळू अभ्यासक्रमाची वर्षे वाढत गेली आणि तो चार वर्षांचा झाला. मुलींनाही येथे प्रवेश मिळे. फातिमा जिना यांनी याच महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९२३ साली मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दातांचा दवाखाना उघडला. मुली घराबाहेर पडून शिकत नसत, त्या काळातली ही गोष्ट आहे. मुंबईत राहणाऱ्या तुमच्यापैकी काही जणांनी तो रस्ता पाहिला असेल. दंत महाविद्यालय मुंबईलाही निघाले, पण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ सालचे आहे.

शाळा काढली तरी पुस्तके कोठून आणायची? पुस्तके विलायतेहून येत, महाग असत. डॉ. अहमद यांनी स्वतः विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक लिहिले. दात कोरणे, साफ करणे, भरणे ही कामे कशी करावीत, हे त्यात सांगितले होते. ते १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १९२५ साली त्यांनी बंगाल दंत संघटना स्थापन केली आणि त्याच वर्षी दंतवैद्यकाविषयीचे एक नियतकालिकही सुरू केले. १९४६ सालापर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, ते त्याचे संपादक होते. सकाळी रोगी, दुपारी विद्यार्थी, रात्री लेखन, शिवाय सरबताच्या दुकानाचा हिशेब! एवढ्यावर भागले नाही म्हणून की काय, ते १९३२ ते १९३६ या काळात कलकत्ता महानगरपालिकेचे नगरसेवकही होते.

पण एक मोठे काम राहिले होते. महाविद्यालयातून शिकलेले डॉक्टर बाहेर पडू लागले, तरी बाजारातला चिमटेवाला आपल्या जागीच होता. ‘दातांचे डॉक्टर’ अशी पाटी कोणीही लावावी, कोणाचाही दात काढावा, कोणी विचारणारे नव्हते. पाटी वाचून माणूस आत जाई. आतला माणूस शिकलेला आहे की नाही, हे त्याला कसे कळणार? आणि मुलाला तर त्याचे वडील बोट धरून नेतील तेथे जावेच लागणार. यावर कायद्याशिवाय दुसरा उपाय नव्हता. डॉ. अहमद यांच्या प्रयत्नांमुळे १९३९ साली बंगालमध्ये दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला. पुढे देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला आणि १९४९ साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली. दंतवैद्यांची नोंद ठेवणे सुरू झाले आणि शिक्षण कसे असावे, याचे नियम ठरले.

या कायद्यातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यांच्याकडे पदवी नाही, पण जे कित्येक वर्षे दातांचेच काम करून पोट भरत आहेत, त्यांचे काय करायचे? त्यांना एका दिवसात उपाशी ठेवायचे का? कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. शिकलेल्यांची नावे एका भागात. पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे हाच व्यवसाय करत आलेल्या लोकांची नावे दुसऱ्या भागात. जुन्यांची भाकरी गेली नाही आणि यापुढे शिकूनच या धंद्यात यावे लागेल, हेही ठरले. कायदा करणे सोपे असते. तो करताना गरिबाच्या चुलीचा विचार करणे कठीण असते.

१९४७ साली देशाला स्वातंत्र्य मिळाले आणि त्याच वेळी फाळणीही झाली. बंगालचे दोन तुकडे झाले. रफीउद्दीन अहमद यांचे जन्मगाव दुसऱ्या देशात गेले. त्यांची कर्मभूमी, त्यांचे महाविद्यालय मात्र कलकत्त्यात होते. तो काळ किती वाईट होता, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला होता. माणसे इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होती. डॉ. अहमद कलकत्त्यातच राहिले.

आणि १९४९ साली त्यांनी आपले महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. विकले नाही, दान केले. एकोणतीस वर्षे स्वतःच्या कमाईवर वाढवलेली संस्था त्यांनी आपल्याजवळ ठेवली नाही. त्याच सुमारास ती कलकत्ता विद्यापीठाशी जोडली गेली आणि तेथील विद्यार्थ्यांना विद्यापीठाची पदवी मिळू लागली. खाजगी संस्था मालकाबरोबर संपते, सरकारी संस्था टिकते, असे त्यांना वाटले असेल काय? त्यांच्या मनातले आपण सांगू शकत नाही. पण संस्था टिकली, हे खरे.

पुढच्याच वर्षी, १९५० साली, डॉ. अहमद पश्चिम बंगालच्या मंत्रिमंडळात आले. त्या वेळी डॉ. बिधानचंद्र रॉय हे तेथील मुख्यमंत्री होते. तेही नामवंत डॉक्टर होते. डॉ. अहमद यांच्याकडे शेती, सहकार, समाजविकास, मदत आणि पुनर्वसन अशी खाती आली. पुनर्वसन म्हणजे घरदार गमावलेल्या माणसांना पुन्हा उभे करणे. पूर्व बंगालमधून, म्हणजे डॉ. अहमद जेथे जन्मले त्या मुलखातून, लाखो निर्वासित कलकत्त्याकडे येत होते. स्टेशनांवर आणि छावण्यांत माणसे राहत होती. १९६२ सालापर्यंत ते मंत्री होते. दातांच्या डॉक्टरला शेतीतले आणि छावण्यांतले काय कळणार, असे कोणी म्हटलेही असेल. पण दुखणाऱ्या माणसासमोर बसून काम करायची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती.

१९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. दुसऱ्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९६५ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आपल्या देशात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी शाळांतून मुलांचे दात तपासतात. तुमच्या शाळेत असे डॉक्टर आले, तर ते कोणाच्या वाढदिवसाला आले आहेत, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

आता पुन्हा तुमच्या ठणकणाऱ्या दाढेकडे वळू या. बोस्टनच्या त्या हौदातल्या माशांपासून आजपर्यंत मुलांची भीती घालवायच्या पद्धती खूप पुढे गेल्या आहेत. मुलांच्या दातांचे शास्त्र आता दंत महाविद्यालयात वेगळा विषय म्हणून शिकवतात. चांगले डॉक्टर मुलाला आल्याबरोबर खुर्चीत बसवून चिमटा हातात घेत नाहीत. आधी ते तुमचे नाव विचारतात, शाळेची चौकशी करतात. मग काय करणार ते सोप्या शब्दांत सांगतात. मग साधन दाखवतात. छोटा आरसा हातात देतात, वारा सोडणारी नळी तुमच्या तळहातावर फिरवतात, दात घासणारा मऊ ब्रश नखावर फिरवून दाखवतात. तुमची ओळख पटली, की मगच तोंडात हात घालतात. आधी सांगणे, मग दाखवणे, मग करणे, असा तो क्रम आहे. पहिल्या भेटीत पुष्कळदा ते फक्त दात मोजतात आणि तुम्हाला घरी पाठवतात.

डॉक्टर आणखी एक युक्ती करतात. दुखले किंवा थांबावेसे वाटले तर डावा हात वर कर, असे ते आधीच सांगून ठेवतात. हात वर होताच ते थांबतात. गंमत अशी, की थांबवायचा अधिकार आपल्या हातात आहे हे कळले, की पुष्कळ मुले हात वर करतच नाहीत.

घरच्या माणसांनीही काही गोष्टी सांभाळायच्या असतात. तुमचा धाकटा भाऊ जेवला नाही, तर दातांच्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोचवू, अशी धमकी त्याला देऊ नका. अशी धमकी देऊन मग त्याच डॉक्टरकडे त्याला हसत जायला सांगणे बरे नव्हे. अजिबात दुखणार नाही, असे खोटेही सांगू नका. थोडेसे टोचेल, मग बधिर होईल, मी बाहेर बसलो आहे, एवढे खरे सांगितले की पुरे. खोटे एकदा पकडले गेले, की मूल पुढच्या वेळी खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. आणि त्याला पहिल्यांदा न्यायचे ते दाढ ठणकत असताना नव्हे, काहीही दुखत नसताना न्यावे. शांत दिवशी ओळख झालेला डॉक्टर दुखण्याच्या रात्री परका वाटत नाही.

कोलकात्यात सियालदा स्टेशनपासून जवळच मौलाली नावाचा भाग आहे. सरबताच्या पैशांवर सुरू झालेले ते महाविद्यालय आज तेथे आहे. त्याला डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय आणि रुग्णालय असे नाव आहे. लहान मुलांच्या दातांचा तेथे वेगळा विभाग आहे. गावोगावची आईबापे मुलांचे बोट धरून तेथे येतात आणि नंबर येईपर्यंत बाहेर बाकावर बसतात.